पाण्यात पाहणे

एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या पाण्यात
पांढरी तबकडी सोडली.
दोरीला गाठी, दर दहा सेंटीमीटरला एक.
तबकडी दिसेनाशी होते ती गाठ
वहीत लिहायची, एवढंच काम.
फ्रीसलँडच्या अर्ध्या कालव्यांचं गढूळपण
माझ्या अक्षरात आहे.

आणि आता परसातलं हे माझं तळं,
जेवणाच्या चार टेबलांएवढं,
पहिली गाठ भिजायच्या आत
तबकडी गिळून बसतं.

फार उकळलेल्या कोऱ्या चहाचा रंग.
काठी खुपसली की बुडबुडे येतात
नासक्या अंड्याच्या वासाचे.
खाली एक टेंच मासा आहे, असं मी धरून चालते.
मे महिन्यापासून दिसलेला नाही.

गाळ कुठला, ते मला माहीत आहे.
डाउवेच्या विलोचा.
झाड कुंपणापलीकडे, पानं अलीकडे,
अशा बारा पानगळी.
मी एकदा म्हणाले, फांदी छाट.
तो म्हणाला, तळं सरकव.
तेव्हापासून चार वर्षं
आम्ही एकमेकांना पाण्यात पाहतो आहोत
आणि पाणी असं, की
त्यात काही दिसायची सोय नाही.

दुकानातल्या पोरानं बाटली दिली :
सात दिवसांत काच.
काच नाही, फेस झाला.
कुणी सांगितलं म्हणून जवाचं काड
जुन्या मोज्यात भरून बुडवलं.
मोजा अजून तरंगतो आहे,
पाय खाली राहिलेल्या माणसाचा असावा तसा.

शेवटी ऑक्टोबरात, एका शनिवारी,
छातीपर्यंतचे रबरी बूट चढवून उतरले.
पंप नको. कामावर मीच सगळ्यांना सांगायचे,
पंपाला जिवंत-मेलं कळत नाही.
बादली. हात. पुन्हा बादली.
गाळ काळा, लोण्यासारखा,
बोटांतून निसटतो, नखांत मुक्काम करतो.
पान म्हणावं तर एक नाही त्यात,
एक शीरसुद्धा नाही.
कुंपणावरून दाखवायला पुरावा म्हणून
काहीच उरलं नव्हतं.

सापडलं ते हे : कपड्यांचे दोन चिमटे,
चष्म्याची काडी, माझीच,
आणि तळहाताएवढा एक शिंपला,
घट्ट मिटलेला, जड,
जिवंत.
असा एक शिंपला दिवसभरात
किती पाणी गाळून परत सोडतो
ते शाळेच्या सहलींना मी पाठ म्हणून दाखवायचे.
हा इथे एकटा राबत होता
आणि मी बाटली आणली.

तिथेच थांबले.
अर्धा गाळ होता तसा ठेवला,
शिंपला पुन्हा रोवला, तोंड वर करून.

काढलेला गाळ काठावर ताडपत्रीवर पसरला,
उतार पाण्याकडे, दोन रात्री.
ज्यांना परतायचंय त्यांना वाट ठेवायची असते.
रात्री टॉर्च घेऊन बसले.
गाळ हलत होता.
चतुराच्या अळ्या, गोगलगायी, एक पाणविंचू,
घसरत, थांबत, दिशा चुकून परत वळत,
घराकडे.

कुंपणाशी दुसरा टॉर्च लागला.
पायजम्यावर कोट, डाउवे.
बराच वेळ त्यानंही तेच पाहिलं.
मग : "हिस्के, उरलेला गाळ टाकणार आहेस?"
"का?"
"लीकच्या वाफ्याला हवा होता."
आणि टॉर्च जमिनीकडे करून,
"पानं तशी माझीच."

सोमवारी सहा ढकलगाड्या नेल्या.
फांदी छाटली नाही.
मीही विषय काढला नाही.

आज तबकडी सोडली.
पाणी अजून ढवळलेलंच,
तरी दुसऱ्या गाठीपर्यंत दिसली, अंधूक.
पेन्सिल शोधत होते, तेवढ्यात
खालून कुणीतरी
दोरीला एकदा धक्का दिला.

वहीत त्याला रकाना नाही.